घरच्या बिअरची भांडी: कोणता मळ, कोणतं द्रव्य, कोणती पद्धत

बिअर आंबट झाली, बाटली उघडताच निम्मी फसफसून सांडली किंवा घोटाला दवाखान्यातल्या औषधासारखा वास आला, की पहिला संशय यीस्टवर जातो आणि दुसरा माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर. खरं कारण बहुतेक वेळा फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) नळात, सायफनच्या नळीत नाहीतर बाटलीच्या तळाशी चिकटलेलं असतं. निम्मं दुखणं एकाच गैरसमजातून येतं: सॅनिटायझर फवारला की भांडं स्वच्छ झालं. धुणं हे एक काम आणि निर्जंतुक करणं हे दुसरं. ती याच क्रमाने करावी लागतात. वाळलेल्या फेसाच्या पापुद्र्याखाली सॅनिटायझर पोहोचत नाही आणि जो पोहोचतो त्याचा जोर त्या मळातच संपून जातो.

कायद्याचं आधी सांगून टाकू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक दिली आणि मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये तयार झाली. तेव्हा पुढचं सगळं तिथे राहून हा छंद करणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईत कोंबुचा (आंबवलेला चहा) करणाऱ्यांना फर्मेंटर, बाटल्या आणि सॅनिटायझर यांबद्दलचा भाग तसाच्या तसा उपयोगी पडेल.

मळाचे दोन प्रकार

बिअरच्या भांड्यांवर बसणारा मळ दोन जातींचा असतो. एक सेंद्रिय: साखर, प्रथिनं, हॉप्सचं (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचं) चिकट राळेसारखं तेल, मेलेलं यीस्ट. फर्मेंटरच्या वरच्या बाजूला तपकिरी कडं तयार होतं ते हेच. यावर अल्कलीयुक्त द्रव्य आणि गरम पाणी लागतं. दुसरा खनिज: जड पाण्याचे पांढरे डाग आणि बिअरस्टोन. बिअरस्टोन म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट, ज्यात प्रथिनंही अडकलेली असतात. केगच्या (बिअर साठवायच्या स्टीलच्या पिंपाच्या) किंवा स्टीलच्या फर्मेंटरच्या आत हात फिरवला की बारीक खरखरीत, मळकट पिवळट थर लागतो, तो हाच. त्यावर अल्कलीचा एकट्याने उपयोग होत नाही, आम्ल लागतं.

एवढं कळलं की दुकानातल्या डझनभर डब्यांचा गोंधळ बराच कमी होतो. डब्यावर नाव काहीही असो, आत अल्कली आहे, आम्ल आहे की क्लोरिन आहे, ते वाचा. मग भांडं कशाचं आहे ते बघा, कारण जे द्रव्य काचेला चालतं ते अॅल्युमिनियमला काळं करू शकतं.

धुण्याची द्रव्यं

रोजच्या कामाचा पाया म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात विरघळलं की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. सोडा मळ सैल करतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे तो उचलून काढतात. प्रमाण लिटरला ५ ते ८ ग्रॅम, पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअस. थंड पाण्यात काम होतं, पण इतकं हळू की रात्रभर भिजवावं लागतं. द्रावण त्याच दिवशी वापरायचं. काही तासांनी पेरॉक्साइड संपतं आणि उरतं ते फक्त सोड्याचं पाणी, म्हणून बादलीभर करून आठवडाभर ठेवण्यात अर्थ नाही. आणि हे द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत किंवा बंद केगमध्ये कधीही साठवू नका. सुटणाऱ्या ऑक्सिजनचा दाब वाढत जातो आणि बाटली फुटू शकते.

अमेरिकेत ऑक्सिक्लीन फ्री या नावाने कपड्यांची पावडर मिळते, तिच्यातही मुख्यतः परकार्बोनेट आणि सोडाच असतो. 'फ्री' लिहिलेलीच घ्या, साध्या डब्यात सुगंध असतो आणि तो प्लास्टिकमध्ये मुरतो.

त्यापुढची पायरी म्हणजे फाइव्ह स्टार कंपनीची पीबीडब्ल्यू. हिच्यात परकार्बोनेटच्या जोडीला सोडियम मेटासिलिकेट असतं. सिलिकेटमुळे धातूला गंजण्यापासून संरक्षण मिळतं आणि सुटलेला मळ पुन्हा चिकटत नाही. प्रमाण लिटरला साधारण ७.५ ते १५ ग्रॅम. हलक्या मळाला खालचं, वाळलेल्या कड्याला वरचं. महाग वाटत असेल तर घरगुती मिश्रणाची जुनी कृती आहे: वजनाने ७० टक्के ऑक्सिक्लीन फ्री आणि ३० टक्के सोडियम मेटासिलिकेट. मेटासिलिकेट त्वचेला भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच मिसळा. महिन्याला एखादी बॅच करणाऱ्याने या खटाटोपात न पडता तयार डबाच घ्यावा, बचत फार होत नाही.

भांडी घासायच्या लिक्विडबद्दल टोकाची मतं ऐकू येतात. हॉट साइडच्या म्हणजे उकळी संपेपर्यंतच्या भांड्यांना ते चालतं, नीट खंगाळलं तर. फर्मेंटर, केग आणि बाटल्यांना नको. लिंबाचा वास प्लास्टिक धरून ठेवतं आणि राहिलेला अंश बिअरचा फेस टिकू देत नाही.

कॉस्टिक सोडा व्यावसायिक ब्रुअरीत चालतो, कारण तिथे बंद पाइपातून पंपाने फिरवतात. घरी त्याची गरज क्वचितच पडते. वापरायचाच झाला तर नेहमी पाण्यात सोडा घाला, सोड्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतं. अॅल्युमिनियमला तो लागूच देऊ नका, धातू विरघळून हायड्रोजन वायू सुटतो.

राहिलं ब्लीच. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि जिवाणू मारतं हे खरं. पण त्याचे तीन तोटे आहेत. स्टेनलेस स्टीलला ते सूक्ष्म खड्डे पाडतं. त्याचा थेंब राहिला तर वर्टमधल्या (माल्टच्या गोड काढ्यातल्या) फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल तयार होतं, तोच तो औषधी वास, आणि तो अगदी अत्यल्प प्रमाणातही जिभेला कळतो. तिसरा सगळ्यात गंभीर: ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीचच्या बादलीत आम्लयुक्त सॅनिटायझर, व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड चुकूनही जाता कामा नये. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेली व्हीडब्ल्यूपी पावडरही क्लोरिनचीच आहे. काचेला आणि प्लास्टिकला ठीक, पण नंतर भरपूर पाण्याने धुवायला हवं आणि स्टीलच्या भांड्यात भिजत ठेवायची नाही.

फर्मेंटर

सगळ्यात महत्त्वाचं वेळापत्रक. बिअर काढल्यावर लगेच धुतलेला फर्मेंटर अर्ध्या तासात निघतो, दोन दिवस तसाच ठेवलेला रात्रभर मागतो. आज वेळच नसेल तर निदान साध्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवा, कडं वाळू देऊ नका.

२३ लिटरच्या बॅचसाठी साधारण ३० लिटरची प्लास्टिकची बादली धरली तर क्रम असा:

१. तळाचा यीस्टचा गाळ काढून टाका आणि बादली कोमट पाण्याने दोनदा खंगाळा. गाळ जितका जास्त राहील तितकं परकार्बोनेट त्याच्यावरच खर्च होतं.

२. नळ, त्याची रबरी वॉशर, झाकणाची सील आणि एअरलॉकचं (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेचं) बूच, सगळं सुटं करा.

३. नळाचं भोक बुचाने बंद करून बादली वरपर्यंत भरा. तपकिरी कडं बिअरच्या पातळीच्या वर असतं, त्यामुळे २० लिटर भरून ते बुडणारच नाही. ३० लिटरला १८० ग्रॅम परकार्बोनेट, आधी एका भांड्यात गरम पाण्यात विरघळवून मग ओता.

४. सुटे भाग त्याच पाण्यात टाका. ३० मिनिटं ते एक तास. कडं अजून असेल तर आणखी वेळ द्या, जोर देऊ नका.

५. मऊ स्पंज किंवा सुती फडक्याने पुसा. हिरवी खरखरीत घासणी, तारेची घासणी, ब्रशचा तारेचा दांडा, काहीही प्लास्टिकच्या आत नको. प्रत्येक ओरखडा ही जिवाणूंना लपायची जागा आणि तिथे सॅनिटायझर पोहोचत नाही.

६. हाताला गुळगुळीत, बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत धुवा. अल्कली राहिली की बोटं साबणासारखी घसरतात. सहसा तीन पाणी पुरतात.

७. उलटं ठेवून पूर्ण वाळवा, सुटे भाग वेगळेच ठेवा. ओलं भांडं झाकण लावून ठेवलं तर बुरशी येते.

यात बहुतेकांची चूक दुसऱ्या पायरीत होते. नळ बाहेरून चकचकीत दिसतो, पण फिरणाऱ्या दांड्याच्या आणि बाहेरच्या नळकांड्याच्या मधल्या फटीत वर्ट साठतं. बरेचसे नळ गरम पाण्यात बुडवून मागून ढकलले की दोन तुकड्यांत निघतात. एकामागून एक बॅच थोडी थोडी आंबट होत असेल तर आधी तो नळ उघडून बघा.

पीईटी प्लास्टिकच्या पारदर्शक फर्मेंटरला ५० अंशांपेक्षा गरम पाणी देऊ नका, आकार बिघडतो. काचेच्या कार्बॉयला (अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीला) उलटी भीती: थंड काचेत गरम पाणी ओतलं तर ती तडकते, म्हणून आधी कोमट, मग गरम. ओली कार्बॉय गळ्याला धरून उचलणं ही घरगुती ब्रुइंगमधल्या मोठ्या अपघातांची सुरुवात असते. क्रेट किंवा पट्टा वापरा. काचेत रात्रभर परकार्बोनेट ठेवलं आणि पाणी जड असलं, तर सकाळी पांढरट साय दिसते. तो मळ नाही, पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसलेलं असतं. कपभर व्हिनेगर फिरवलं की जातं.

उकळायचं भांडं, चिलर आणि व्हॉल्व्ह

इथे निर्जंतुकीकरणाची चिंता नाही, तासभर उकळी मिळते. पण उकळी संपून वर्ट साधारण ७० अंशांच्या खाली आलं की पुढे ज्याला ज्याला ते लागेल ते सगळं निर्जंतुक हवं. याला कोल्ड साइड म्हणतात. अडचण अशी की केटलच्या (उकळायच्या भांड्याच्या) तळाचा बॉल व्हॉल्व्ह या दोन्ही बाजूंच्या मध्ये बसतो. त्याच्या पोकळीत मागच्या बॅचचं वर्ट अडकून कुजतं. तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह घ्या, पान्याने उघडतो. दर तीन-चार बॅचना उघडून पीबीडब्ल्यूमध्ये टाका आणि थंड वर्ट सोडण्याआधी त्यातून उकळतं वर्ट थोडं वाहू द्या.

स्टेनलेस स्टीलच्या केटलमधले इंद्रधनुषी किंवा चहाच्या रंगाचे डाग बिअर बिघडवत नाहीत. नको असतील तर ऑक्झॅलिक अॅसिडची बार कीपर्स फ्रेंड पावडर पाण्यात कालवून मऊ फडक्याने मिनिटभर चोळा आणि लगेच धुवा. तारेच्या घासणीतले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि मग 'स्टेनलेसला गंज आला' अशी तक्रार होते.

अॅल्युमिनियमची केटल चमकवू नका. आतला मळकट राखाडी थर म्हणजे ऑक्साइड, तोच धातूला वाचवतो. परकार्बोनेट किंवा सोड्यात ती भिजत ठेवली तर काळी पडते. पीबीडब्ल्यू चालते, पण तीही थोडाच वेळ. घासून थर गेलाच असेल तर नुसतं पाणी अर्धा-एक तास उकळा, पुन्हा बसेल.

तांब्याचा इमर्शन चिलर (वर्ट थंड करायला त्यात बुडवायची नळीची गुंडाळी) काळपट तपकिरी असेल तर तसाच राहू द्या. हिरवा कळंक मात्र काढलाच पाहिजे, तो उकळत्या वर्टमध्ये सरळ विरघळतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड पुरतं. तांब्याचा बंब चिंचेने घासतात त्यामागचं रसायनही हेच, फक्त चिंचेचा चोथा गुंडाळीच्या वेटोळ्यांत अडकतो म्हणून इथे नितळ द्रव बरा. परकार्बोनेटमध्ये तांबं भिजवू नका, काळं होतं. चिलर उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत केटलमध्ये सोडला की वेगळं काही करावं लागत नाही.

पितळी फिटिंगच्या पृष्ठभागावर थोडं शिसं असू शकतं. नव्या फिटिंगसाठी दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अशा मिश्रणात ५ ते १० मिनिटं ठेवा. रंग लोण्यासारखा सोनेरी झाला की काढा. मिश्रण हिरवं व्हायला लागलं तर शिसं संपून तांबं विरघळू लागलं आहे, उशीर झाला.

प्लेट चिलर (पातळ पत्र्यांच्या थरांमधून वर्ट नेऊन थंड करणारा) हे थोडं जोखमीचं उपकरण आहे, कारण आत काय राहिलं ते दिसत नाही. वापरून झाल्याबरोबर उलट्या दिशेने जोरात पाणी सोडा, मग ६० अंशांचं पीबीडब्ल्यू पंपाने अर्धा तास फिरवा, दिशा एकदा बदला, पुन्हा धुवा. आत हॉप्सची पानं जात असतील तर केटलमध्ये जाळी बसवा. तेवढी शिस्त जमणार नसेल तर इमर्शन चिलर बरा.

बिअरस्टोन काढणं

आधी अल्कली की आधी आम्ल, यावर वाद चालतात. घरच्या प्रमाणात हा क्रम चालतो: पीबीडब्ल्यूने वरचा सेंद्रिय मळ काढा, धुवा, मग आम्ल, धुवा, आणि शेवटी पुन्हा पीबीडब्ल्यूचा एक हात. आम्लाने खनिज सुटलं की त्यात अडकलेली प्रथिनं उघडी पडतात, ती दुसऱ्या अल्कलीने जातात. आम्लासाठी फॉस्फोरिक अॅसिडवर आधारित तयार क्लीनर सगळ्यात परिणामकारक, डब्यावरच्या प्रमाणात. सायट्रिक अॅसिड लिटरला २० ग्रॅम, ६० अंशांच्या पाण्यात, पातळ थराला पुरतं, जाड थराला नाही. बार कीपर्स फ्रेंड इथे नको: मळच ऑक्झलेटचा असताना त्यावर ऑक्झॅलिक अॅसिड चोळून काही साधत नाही.

केग आणि नळ्या

कॉर्नेलियस केग उघडण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडा. दाब असताना पोस्ट (नळी जोडायचं तोंड) सोडवली तर ती गोळीसारखी उडते. दोन्ही पोस्ट काढा आणि कुठली कुठे होती ते लक्षात ठेवा. बॉल-लॉक जोडणीच्या केगमध्ये गॅसच्या पोस्टवर खाचा असतात, बिअरच्या पोस्टवर नसतात. पॉपेट (पोस्टमधली छोटी झडप), लांब डिप ट्यूब (तळापर्यंत जाणारी नळी) आणि सगळ्या ओ-रिंग काढून पीबीडब्ल्यूमध्ये टाका. डिप ट्यूबला लांब बारीक ब्रश लागतोच, तिच्या वाकलेल्या टोकाला हॉप्सची राळ बसते. केग गरम पीबीडब्ल्यूने काठोकाठ भरा आणि झाकण न कसता तासभर सरळ ठेवा. धुतल्यावर ओ-रिंगला खाद्यदर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

भरण्याआधी १९ लिटरची केग काठोकाठ सॅनिटायझरने भरून ती कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने रिकामी केली, तर आतली हवाही निघून जाते आणि बिअर ऑक्सिडाइझ होत नाही.

बिअर लाइनसाठी (केगपासून टॅपपर्यंतच्या नळीसाठी) अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची व्यावसायिक शिफारस आहे: दर १४ दिवसांनी अल्कलीने धुणं आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लाने. घरी दिवसाला एक ग्लास काढणाऱ्याने प्रत्येक केग संपल्यावर धुतलं तरी चालेल, पण टॅपचं तोंड रोज गरम पाण्याने पुसा. चिलटं तिथे बसतात आणि बिअर आंबट करणारे अॅसिटोबॅक्टर जिवाणू आणतात.

बाटल्या

बिअर ओतली की लगेच तीनदा खंगाळून उलटी ठेवलेली बाटली पुढच्या वेळी जवळजवळ तयार असते. वाळलेला यीस्ट असेल तर परकार्बोनेटमध्ये रात्रभर भिजवा, लेबलंही सुटतात. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तळ बघा. डाग गेला नाही तर बाटली फेकून द्या.

काचेच्या बाटल्या ओव्हनमध्येही निर्जंतुक होतात: तोंडाला अॅल्युमिनियम फॉइल, थंड ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू १७० अंशांपर्यंत, तिथे एक तास, आणि ओव्हन बंद करून आतच थंड होऊ देणं. फॉइल न काढता कितीतरी दिवस तशाच राहतात. मात्र वारंवार तापवल्याने काच कमजोर होते. डिशवॉशरमध्ये घालायच्या तर रिन्स एड (चमक आणणारं द्रव) बंद करा, फेस टिकत नाही.

सॅनिटायझर

स्टार सॅन हे फॉस्फोरिक अॅसिड आणि डोडेसिलबेंझिन सल्फॉनिक अॅसिड यांचं मिश्रण. लिटरला १.५ मिलि, म्हणजे ५ लिटरला ७.५ मिलि, १९ लिटरच्या केगला २९ मिलि. सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतलं तर धुवायची पाळी येते. एक-दोन मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला की पुरे, आणि या प्रमाणात धुवायचं नाही. फेस बघून घाबरून नळाच्या पाण्याने खंगाळलं तर निर्जंतुक केलेलं भांडं पुन्हा नळाच्या जिवाणूंच्या हवाली होतं. जड पाण्यात ते गढूळ होतं. गढूळपणापेक्षा पीएच बघा: ३ च्या खाली हवा, वर गेला की ओतून द्या. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात केलं तर फवाऱ्याच्या बाटलीत काही आठवडे टिकतं. मूळ द्राव संगमरवरावर सांडला तर डाग कायमचा. अल्कलीने धुतलेलं भांडं आधी नीट खंगाळा, नाहीतर आम्ल तिथेच संपतं.

आयोडोफोर हा दुसरा चांगला पर्याय. १.६ टक्के आयोडीनच्या द्रावाचे लिटरला ०.८ मिलि घेतले की १२.५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) मिळतं. थंड पाण्यात १० मिनिटं, मग निथळू द्या, धुवायचं नाही. फिकट पिवळा रंग गेला की ताकद गेली. पांढऱ्या नळ्या आणि प्लास्टिक पिवळं पडतं, पण तो दोष दिसण्यापुरताच.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर वाइन बनवणाऱ्यांकडून उचलून बिअरच्या भांड्यांना वापरली जाते. तिचा परिणाम आम्लयुक्त द्रवातच नीट होतो, त्यामुळे भांडी निर्जंतुक करायला तिच्या भरवशावर राहू नका.

सगळं नीट करूनही लागोपाठ दोन बॅच बिघडल्या तर शोध घेत बसण्यापेक्षा कोल्ड साइडच्या सगळ्या नळ्या, सायफन, बॉटलिंग वाँड (बाटली भरायची नळी), नळ आणि सील एकदम बदला. आतून गढूळ झालेली नळी कितीही भिजवली तरी भरवशाची होत नाही. बादलीत ओरखडे असतील तर ती धान्य भिजवायला किंवा भांडी धुवायला ठेवा, फर्मेंटेशनसाठी नवी आणा. ब्रेटानोमायसेस हे रानटी यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू घालून मुद्दाम आंबट बिअर करत असाल तर त्या बिअरच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर रंगीत टेप लावून त्या कायमच्या वेगळ्या ठेवा. काच आणि स्टील मात्र सुटं करून धुऊन, निर्जंतुक करून दोन्हीकडे चालतं.